घरचा प्रिंटर कसा निवडावा?

'बिनतारी' हा शब्द तुम्हांला नवा नाही. आत्ता माझा आवाज तुमच्या ओसरीवर, स्वयंपाकघरात, कदाचित गोठ्यातही ऐकू येत असेल. तो बिनतारीच येत आहे. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे तेही बिनतारीच आहे. फक्त त्याचा पल्ला शेकडो मैलांचा नाही, एका घरापुरता आहे. टॅबवर दिसणारा मजकूर मध्ये तार न लावता कागदावर उतरवून देणारा घरगुती प्रिंटर, हा आजचा आपला विषय.

आता कोणी म्हणेल, की गुरुजी, हा विषय शहरातल्या लोकांचा. आम्हांला त्याचे काय? तर तसे नाही. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि ज्या घरात पूर्वी पाटी-दप्तर होते त्या घरात फोन आणि टॅब आले. शाळा पुन्हा भरल्या, पण टॅब राहिले. आज पाठ्यपुस्तकाची पाने टॅबवर मिळतात, सातबारा टॅबवर दिसतो, परीक्षेचे प्रवेशपत्र टॅबवर येते. पण परीक्षेच्या दारात कागद लागतो. पोराला गणिते सोडवायला कागद लागतो. मग एका पानासाठी तालुक्याला जायचे, एस.टी.चे भाडे भरायचे आणि अर्धा दिवस घालवायचा. तेव्हा घरात किंवा शाळेत एखादा प्रिंटर असावा असे वाटणे साहजिक आहे. प्रश्न आहे तो कोणता घ्यावा आणि घ्यावा की नाही, हा.

या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे नुसता उपदेश वाटणार नाही.

आमची शाळा दोन शिक्षकी. मुले चौतीस. टॅब एक. एका टॅबभोवती चौतीस डोकी जमली म्हणजे काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको. पुढच्या चौघांना दिसते, मागचे एकमेकांना ढकलतात. म्हणून ठरवले, की टॅबवरचा स्वाध्याय प्रत्येक मुलाच्या हातात कागदावर द्यायचा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडला. गावाने लोकवर्गणी केली. कोणी पन्नास दिले, कोणी शंभर. एका आजींनी दुधाच्या पैशांतून शंभराची नोट काढून दिली. पाच हजार रुपये जमले.

मी तालुक्याला गेलो. दुकानात सगळ्यांत स्वस्त बिनतारी प्रिंटर चार हजारांचा होता. दिसायला सुबक, वजनाला हलका. मला वाटले, हजार रुपये वाचले. घेऊन आलो. पहिल्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या तीन आठवडे टिकल्या. खोक्यात मिळालेली शाईची डबी, जिला कार्ट्रिज म्हणतात, ती नव्वद-एक पानांत संपली. नवी आणायला गेलो तर तिची किंमत साडेसातशे रुपये! उरलेल्या हजारातून ती घेतली. तीही महिना संपायच्या आत संपली. तिसरी कशीबशी पदरच्या पैशांनी आणली, तोवर उन्हाळ्याची सुट्टी लागली. जूनमध्ये प्रिंटर सुरू केला तर कागद कोराच बाहेर आला. शाई आतल्या आत वाळली होती. यंत्र कपाटात गेले, त्यावर फडके घातले गेले. मुले पुन्हा टॅबभोवती गर्दी करू लागली.

आणि मग एक दिवस त्या आजी नातवाला सोडायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "गुरुजी, आपला प्रिंटर चालतोय न्हवं?" श्रोतेहो, त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

पुढच्या सभेत मी सगळा हिशेब उघडपणे मांडला. कोणी रागावले नाही. एक तात्या होते, जन्मभर जनावरांच्या बाजारात फिरलेले. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, म्हैस घेताना आम्ही नुसती तिची किंमत बघत न्हाई. तिला वैरण किती लागंल आणि ती दूध किती देईल, ते आधी बघतो. तुम्ही वैरण बघितलीच न्हाई."

आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. प्रिंटर ही म्हैस आहे, शाई ही तिची वैरण, आणि छापलेली पाने हे तिचे दूध. खोक्यावरची किंमत पाहून प्रिंटर घेणारा माणूस चार आण्याची कोंबडी घेतो आणि बारा आण्याचा मसाला त्याच्या पदरात पडतो.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की दुकानात जाण्यापूर्वी घरात एक वही करा. महिनाभर जे जे पान तुम्हांला छापून हवे होते ते त्या वहीत लिहा. काळे किती, रंगीत किती, आणि झेरॉक्स किती. आमच्या शाळेचे गणित सोपे होते. चौतीस मुले, प्रत्येकाला आठवड्याला दोन स्वाध्याय, चार आठवडे. म्हणजे २७२ पाने. वर थोडी कार्यालयाची कागदपत्रे. महिन्याला ३०० पाने धरा. उलट माझ्या स्वतःच्या घरची वही केली तेव्हा महिन्याला वीस पानेसुद्धा भरली नाहीत. शाळेची गरज वेगळी, घरची वेगळी. एकाला जे औषध लागू पडते ते दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

आता यंत्रांच्या जाती पाहू. घरगुती प्रिंटर मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला, कार्ट्रिजचा. यात शाईच्या लहान डब्या बसवतात. डबीतली शाई केसाहून बारीक छिद्रांतून अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने कागदावर उडते आणि अक्षर उमटते. हे यंत्र विकत घ्यायला सर्वांत स्वस्त, पण चालवायला सर्वांत महाग. लहान डबीत शे-दीडशे पानांचीच शाई असते, आणि नव्या यंत्राबरोबर जी डबी मिळते तिच्यात बहुधा त्याहून कमी असते.

दुसरा, टाकीचा. याला इंक टँक म्हणतात. छपाईची रीत तीच, पण शाई लहान डबीत नसून यंत्राच्या अंगच्या टाकीत असते. बाटलीतून शाई ओतायची, बस्स. हा प्रकार कसा निघाला तेही ऐकण्यासारखे आहे. महागड्या डब्यांना कंटाळून इंडोनेशियातले लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून काम भागवत असत. ते पाहून एप्सन कंपनीने २०१० साली मुळातच टाकी असलेला प्रिंटर प्रथम त्याच देशात बाजारात आणला. आज इतर कंपन्याही असे प्रिंटर करतात. घेताना ते महाग पडतात, पण एका काळ्या बाटलीत हजारो पाने निघतात.

तिसरा, लेझरचा. यात ओली शाई नसतेच. प्रकाशाने एका नळकांड्यावर अक्षरांचा ठसा घेतला जातो, त्याला टोनर नावाची कोरडी पूड चिकटते आणि उष्णतेने ती कागदावर पक्की बसते. पूड असल्यामुळे सहा महिने यंत्र बंद राहिले तरी वाळण्याची भीती नाही. अक्षर ठसठशीत येते, पाण्याने पसरत नाही. पण स्वस्तातले लेझर यंत्र फक्त काळे छापते. आणि उष्णता करायची म्हणून वीज पुष्कळ खाते; छापताना काहीशे वॅट लागतात. शाईच्या प्रिंटरचे काम सर्वसाधारणपणे दहा-वीस वॅटवर भागते.

आता हिशेब मांडू. आकडे मी गोल धरतो. तुम्ही तुमच्या दुकानातले भाव घाला, रीत तीच राहील. शाईची किंमत भागिले तिच्यात निघणारी पाने, म्हणजे एका पानाचा शाईखर्च. समजा, कार्ट्रिज ७५० रुपयांची आहे आणि तीत १५० पाने निघतात. एका पानाला पाच रुपये. समजा, टाकीच्या शाईची बाटली ४०० रुपयांची आहे आणि तीत ४,००० पाने निघतात. एका पानाला दहा पैसे. समजा, टोनर ३,००० रुपयांचा आणि पाने १,५००. एका पानाला दोन रुपये. कागदाचा खर्च सगळीकडे सारखाच, म्हणून तो सध्या बाजूला ठेवू.

शाळेची ३०० पाने घ्या. कार्ट्रिजवर महिन्याला १,५०० रुपये. टाकीवर तीस रुपये. कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० ला आणि टाकीचा १२,००० ला मिळतो असे धरले, तर वरचे ८,००० रुपये सहाव्या महिन्यातच वसूल होतात. पुढे सगळा फायदा. जो प्रिंटर मला महाग वाटला होता तोच खरा स्वस्त होता.

आता माझ्या घरची वीस पाने घ्या. तालुक्यात एका पानाला पाच रुपये घेतात असे धरले तर महिन्याला शंभर रुपये. टाकीच्या प्रिंटरवर दोन रुपये. म्हणजे महिन्याला ९८ रुपये वाचले. १२,००० रुपये वसूल व्हायला दहा वर्षे लागतील! आणि इतके कमी छापले तर शाई मधेच वाळणार, ते वेगळेच. अशा घराने प्रिंटर घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्याने महिन्याची पाने साठवून बाजाराच्या दिवशी एकदम काढून आणावीत. तालुक्याच्या फेऱ्या फारच जाचत असतील, तर चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा आणि भिंतीवर वही टांगून पानागणिक पैसे लिहावेत. आपण पाण्याचे इंजिन भागीत घेतो, मग प्रिंटर का नको?

खोक्यावर जी पानांची संख्या लिहिलेली असते तिच्याविषयी दोन शब्द. ती खोटी नसते, पण ती ठरावीक नमुन्याची पाने सलग छापून काढलेली असते. तुमच्या पानावर मोठाले ठसठशीत मथळे असतील, काळी चौकट असेल, चित्र असेल, तर शाई जास्त जाणार. म्हणून लिहिलेल्या आकड्यात थोडी घट धरूनच हिशेब करावा.

हे झाले वैरणीचे. आता दुसरा प्रश्न. हा प्रिंटर तुमच्या टॅबचे ऐकेल का? तारेशिवाय दोन यंत्रे बोलायची म्हणजे दोघांची भाषा एक हवी. संगणकावर आपण प्रिंटरबरोबर आलेला प्रोग्रॅम बसवतो. टॅबवर तसे करता येत नाही, किंवा मर्यादित करता येते. म्हणून टॅबला आधीपासून येणारी भाषा प्रिंटरलाही येत आहे ना, हे पाहावे.

तुमच्याकडे आयपॅड असेल तर खोक्यावर 'एअरप्रिंट' हा शब्द शोधा. ॲपलने ही सोय २०१० साली काढली. ती असली की वेगळे काही बसवावे लागत नाही. टॅब अँड्रॉइडचा असेल, आणि आपल्याकडे बहुतेक तोच असतो, तर 'मोप्रिया' हा शब्द शोधा. २०१३ साली कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या चार कंपन्यांनी एकत्र येऊन ही समाईक व्यवस्था उभी केली, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या टॅबवरून कोणत्याही कंपनीच्या प्रिंटरवर छापता यावे. हे दोन्ही शब्द नसतील तर त्या कंपनीचे स्वतःचे ॲप तुमच्या टॅबवर चालते का, हे दुकानातच पाहून घ्या. टॅब जुना असेल तर हे फार महत्त्वाचे. नवे ॲप जुन्या टॅबवर पुष्कळदा बसतच नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. बिनतारी छपाईला इंटरनेट लागतेच असे नाही. वायफाय वेगळे आणि इंटरनेट वेगळे. वायफाय म्हणजे घरातल्या घरात बोलण्याची वाट. इंटरनेट म्हणजे गावाबाहेरचा रस्ता. टॅबमध्ये उतरवून ठेवलेले पान शेजारच्या टेबलावर छापायला गावाबाहेर जायचे कारण काय? गावात रेंज नसली तरी छपाई व्हायला हवी. त्यासाठी प्रिंटरमध्ये 'वायफाय डायरेक्ट' ही सोय आहे का ते विचारा. ती असली म्हणजे प्रिंटर स्वतःच एक लहानसे वायफाय सुरू करतो आणि टॅब थेट त्याला जोडता येतो. ज्या घरात राउटर नाही, ज्या शाळेत जोडणी नाही, तिथे ही सोय म्हणजे अर्धे काम झाले. या वायफायचा सांकेतिक शब्द मात्र बदलून ठेवा.

घरात राउटर असेल तर आणखी एक गोष्ट. वायफायच्या दोन पट्ट्या असतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि एक ५ गिगाहर्ट्झची. पुष्कळसे स्वस्त प्रिंटर फक्त २.४ च्या पट्टीवर बोलतात. रेडिओवर जसे मीडियम वेव्हचे केंद्र शॉर्ट वेव्हवर लागत नाही, तसेच हे. राउटरवर फक्त ५ ची पट्टी चालू असेल तर असा प्रिंटर सापडणारच नाही, आणि आपण उगाच यंत्राला दोष देत बसतो.

दूरच्या सेवेवर सर्वस्वी अवलंबून राहू नये, याचा एक दाखला सांगतो. गुगलची 'क्लाउड प्रिंट' नावाची सेवा होती. तिच्यामार्फत अनेक लोक टॅबवरून छापत असत. ३१ डिसेंबर २०२० नंतर ती सेवा बंद करण्यात आली, आणि ज्यांची छपाई तिच्याच भरवशावर होती त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. आजही काही प्रिंटर असे असतात की ते कायम इंटरनेटला जोडलेले हवेत, किंवा त्यांना कंपनीचीच शाई हवी, नाहीतर ते चालत नाहीत. खोक्यावर ही अट बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून वाचा, किंवा दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

आता शिक्षकांसाठी खास एक गोष्ट. आपल्याकडे वर्षानुवर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका असतात. त्यांतल्या पुष्कळ जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. अशी फाइल टॅबवर उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात, आणि प्रिंटर बिचारा तीच छापतो. यात प्रिंटरचा दोष नाही. ते जुने फॉन्ट युनिकोड नव्हते. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथेच ती अक्षरे नीट दिसतात. उपाय सोपा आहे. त्या संगणकावर एकदा बसून फाइलची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावला जातो. मग टॅबवर जोडाक्षरे आणि काना-मात्रा जशाच्या तशा येतात. नवे लिखाण मात्र युनिकोडमध्येच करावे. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफ रूपात मिळतात, त्यांतले हवे तेवढेच पान छापता येते. संपूर्ण पुस्तक छापण्याच्या भरीस पडू नका. शाईचा आणि कागदाचा हिशेब आत्ताच आपण केला आहे.

कागद वाचवायचा तर दोन्ही बाजूंनी छापावे. काही प्रिंटर कागद आपोआप उलटतात. ती सोय नसेल तर टॅबवर पाने निवडताना आधी एक, तीन, पाच अशी विषम पाने छापा, मग गठ्ठा उलटून दोन, चार, सहा. पहिल्यांदा दोन-तीन कागद वाया जातील. कागद कसा उलटायचा हे एकदा कळले की प्रिंटरच्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवा. आणि शक्य असेल तर वर काच असलेला प्रिंटर घ्या, म्हणजे झेरॉक्स आणि स्कॅनही घरीच होते. आधार कार्डाची प्रत परक्याच्या संगणकात किंवा फोनमध्ये राहून जाण्याचा धोका त्याने टळतो.

आता आपल्या परिस्थितीचा विचार. शहरातल्या माहितीपत्रकात हे लिहिलेले नसते. आपल्याकडे वीज जाते. शाईचा प्रिंटर काम संपले की आपले तोंड, ज्याला हेड म्हणतात, एका कोपऱ्यात नेऊन झाकून ठेवतो. ते झाकले गेले तरच शाई वाळत नाही. पण छापताना मध्येच वीज गेली, किंवा आपण भिंतीवरचे बटण एकदम बंद केले, तर तोंड उघडेच राहते. म्हणून नियम असा, की प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, आणि त्याचा दिवा विझल्यावरच भिंतीवरचे बटण दाबावे. मध्येच वीज गेली असेल तर परत आल्यावर एकदा सुरू करून नीट बंद करावा. लेझर यंत्र असेल तर ते घरच्या लहान इन्व्हर्टरवर लावू नका; ते एकदम फार वीज ओढते.

दुसरे, सुट्टी. आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेले एक छोटे पान छापावे. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचा प्रिंटर जवळ राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाने घरी न्यावा. पण टाकीचा प्रिंटर नेताना आडवा-तिडवा करू नये. दुधाची कासंडी नेतो तसा सरळ न्यावा, नाहीतर शाई सांडते. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नये. आत हवा शिरली की छपाई तुटक येते.

तिसरे, धूळ आणि ओल. उन्हाळ्यात फडके घाला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद ओल धरतो, चिकटतो आणि दोन-दोन एकदम ओढले जातात. उरलेला कागद प्रिंटरमध्ये न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.

चौथे, दुरुस्ती. शाईचे प्रिंटर तोंड साफ करताना थोडी शाई आतल्या एका गादीत टाकतात. ती गादी काही वर्षांनी भरते आणि मग यंत्र थांबते. काही प्रिंटरमध्ये ती आपल्याला बदलता येते, काहींत कारागिराकडे न्यावे लागते. म्हणून सेवाकेंद्र कोणत्या गावी आहे, हे आधी विचारा. सेवाकेंद्र शंभर किलोमीटरवर असेल तर हमीचा कागद कपाटात ठेवण्यापुरताच उपयोगी.

तर मंडळी, दुकानात जाताना दोन वस्तू बरोबर न्या. एक तुमची महिन्याची वही, आणि दुसरी तुमचा स्वतःचा टॅब. टॅबमध्ये मराठी मजकुराची एक पीडीएफ असू द्या. दुकानदाराला म्हणा, "माझ्या टॅबवरून, इंटरनेट बंद ठेवून, हे पान काढून दाखवा." खोके फोडायला तो तयार नसेल तर दुकानात मांडलेल्या त्याच जातीच्या प्रिंटरवर दाखवू द्या. मग विचारा, की शाई केवढ्याला, तीत पाने किती, ती शाई आपल्या तालुक्यात मिळते का, आणि दुरुस्ती कुठे होते. जनावर घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मगच दोरी हातात घेतो. इथेही तसेच करावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. पैसे तुमचे आहेत.

आणि आमच्या शाळेचे पुढे काय झाले, ते सांगून हे भाषण संपवतो. गावाने दुसऱ्यांदा वर्गणी दिली. या वेळी तात्या माझ्याबरोबर दुकानात आले. यंत्रातले त्यांना काही कळत नव्हते, पण प्रत्येक प्रिंटरपुढे उभे राहून ते एकच विचारत, "हिची वैरण काय?" आम्ही टाकीचा प्रिंटर घेतला. भिंतीवर वही टांगली. त्या वहीत पानागणिक नोंद होते आणि ती प्रत्येक सभेत वाचली जाते. सोमवारी सकाळी मुलांच्या हातात स्वाध्यायाचा कागद असतो. ज्या मुलांना टॅबवरचे काही दिसत नसे ती मागच्या रांगेतली मुले आता सर्वांच्या आधी हात वर करतात.

आजी परवा पुन्हा आल्या होत्या. तोच प्रश्न विचारला. मी काही बोललो नाही. त्यांच्या नातवाने दप्तरातून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. पण त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला, आणि जाताना नीट घडी करून परत दप्तरात ठेवला.